एक सुई, एक धागा आणि सहाचा हिशेब

आपल्याकडे क्रोशाची पहिली ओळख बहुधा चुकीच्या सुईने होते. घरातली बारीक पोलादी सुई आणि तोरणासाठी आणलेला पांढरा सुती दोरा नवशिक्याच्या हाती दिला जातो. टाके नीट दिसत नाहीत, बोटं आखडतात आणि आठवड्याभरात सुई डब्यात जाते. दोष हाताचा नसतो, साहित्याचा असतो.

दोन सुयांच्या विणकामात ओळभर टाके एकाच वेळी सुईवर असतात. क्रोशात बहुतेक वेळा एकच फास सुटा राहतो, म्हणून एक सुई पुरते. त्या फासाचा घेर सुईच्या दांड्याच्या जाडीवर ठरतो. तेव्हा पहिली सुई ४ ते ५ मिलिमीटरची घ्या, टाका डोळ्यांना दिसेल एवढा मोठा पडतो.

धाग्याचं गणित वेगळं. मेंढीची लोकर केराटिन या प्रथिनाची. तिचे तंतू नागमोडी असल्याने ताणले तरी मागे येतात आणि हाताची चूक झाकतात. सूत म्हणजे सेल्युलोज, ते फारसं ताणत नाही, सगळा ताण बोटांनीच सांभाळायचा. दुकानात ‘लोकर’ म्हणून मिळते ती बऱ्याचदा ॲक्रिलिक असते. सुरुवातीला तीच बरी: स्वस्त आणि धुवायला सोपी. फक्त गरम इस्त्री लावू नका. रंग फिका निवडा, कारण काळ्या धाग्यात टाक्यांमधली सावली हरवते. केसाळ धागा तर नकोच, तो उसवताना गुंततो.

कात्री, टोकं लपवायला मोठ्या नेढ्याची बोथट सुई आणि फेरीचा पहिला टाका ओळखायला एक सेफ्टी पिन. एवढंच.

ही पिन क्षुल्लक वाटते, पण गोल विणताना हिशेब तिच्यावरच चालतो. मुक्या खांबाची (सिंगल क्रोशे, म्हणजे साधा बुटका टाका) उंची आणि रुंदी जवळपास सारखी. एक फेरी वाढली की त्रिज्या एका टाक्याने वाढते आणि परीघ २π, म्हणजे सुमारे ६.२८ टाक्यांनी. म्हणून ६, १२, १८, २४ असे मुके खांब वाढवत गेलं की चकती सपाट राहते. त्याहून भराभर वाढवले तर काठाला झालर येते. कॉर्नेल विद्यापीठातल्या लाटवियन गणितज्ञ डायना टायमिना यांनी १९९७मध्ये नेमकी हीच झालर हिशेबाने विणली आणि अपास्तीय (हायपरबोलिक) भूमितीचं, काठाकडे भराभर पसरत जाणारं प्रतल विद्यार्थ्यांच्या हातात ठेवलं. कागदी प्रतिकृती हाताळताना फाटत, ही टिकली.

तुमची पहिली चकती वाटीसारखी वळली तर खांब कमी पडलेत, झालर आली तर जास्त झालेत. पिनेपर्यंत उसवा आणि पुन्हा मोजा.