सत्तावीस ऐकलं, बहात्तर लिहिलं

लेकरांनो, मोबाइल ठेवा खाली आणि इकडं या. मी काही आकडे म्हणतो, एकदाच म्हणणार. झाले की तुम्ही ओळीनं म्हणून दाखवा. एक, सात, शून्य, नऊ, एक, नऊ, चार, आठ, तीन, शून्य, शून्य, नऊ, एक, नऊ, नऊ, तीन.

अडखळलात ना? सोळा आकडे आहेत, अडखळणारच. आता तेच असे ऐका: 17 सप्टेंबर 1948, 30 सप्टेंबर 1993. पहिला मराठवाडा मुक्तीचा दिवस, दुसरा किल्लारीच्या भूकंपाचा. नांदेड-लातूरच्या माणसाला या तारखा पाठ कराव्या लागत नाहीत. सोळाचे दोन झाले, दोन म्हणायला काय लागतं? पाटण्याच्या पोराला मात्र ते सोळाच राहतील.

ऐकलेलं क्षणभर धरून ठेवायचं आणि धरता धरता त्याच्यावर काहीतरी कामही करायचं, यासाठी माणसाच्या डोक्यात जी सोय आहे तिला मानसशास्त्रात कार्यरत स्मृती म्हणतात. मोठी गमतीची चीज आहे. चंद्रावर माणूस पोचवला तो हिच्याच जोरावर, आणि जागा किती? जॉर्ज मिलर नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं 1956 साली सांगितलं, साधारण सात गोष्टी, दोन इकडं दोन तिकडं. 2001 मध्ये नेल्सन कोवन म्हणाले, सातसुद्धा नाहीत. मनात घोकायला आणि जोड्या लावायला वाव दिला नाही तर जेमतेम चार.

बरं, ही जागा सलग एक खोली आहे की आत भिंती आहेत? इंग्लंडात ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी 1974 साली हे तपासलं, ते फार झकास. माणसाला सहा आकडे लक्षात ठेवायला सांगायचे, आणि ते तोंडात घोळत असतानाच वाक्य खरं की खोटं ते ओळखायला लावायचं. खोली एकच असती तर सहा आकड्यांनीच ती भरली असती आणि विचाराला पाय ठेवायला जागा उरली नसती. झालं भलतंच. माणसं वेळ जास्त घेऊ लागली, पण चुका फारशा वाढल्या नाहीत. म्हणजे आकडे धरणारा कुणी वेगळा आणि विचार करणारा वेगळा.

तुम्ही जुना वाडा पाहिलाय, तसा समजा. मध्ये बैठकीवर एक कारभारी. त्याच्याजवळ स्वतःचं कोठार नाही. कुठल्या कामाला लक्ष द्यायचं, कुठलं सोडायचं, एवढंच तो ठरवतो. त्याच्या हाताखाली दोन गडी. एक घोक्या, ऐकलेलं पुटपुटत राहणारा. दुसरा पाटीवाला, दिसलेलं आणि कुठं काय आहे ते रेखाटून ठेवणारा. पुढं 2000 साली बॅडलींनी आणखी एक माणूस आणून बसवला. या दोघांकडचं आणि जुन्या आठवणींतलं एकत्र बांधून अखंड प्रसंग करणारा. तारखांची मघाची गंमत झाली ती जुन्या आठवणी कामाला आल्या म्हणून.

घोक्याची एक खोड आहे. त्याच्याजवळ साधारण दोन सेकंदांत उच्चारता येईल तेवढंच टिकतं. म्हणून लांबलचक शब्द कमी राहतात, आखूड जास्त. दुसरी खोड, सारख्या आवाजाचे शब्द त्याच्याकडं एकमेकांत मिसळतात. घरी करून बघा. आईला म्हणा, ओळीनं लक्षात ठेव: माळ, माठ, माप, मान, माग. मग दुसरी ओळ: बैल, सुई, चिंच, दगड, पोळी. दुसरीच नीट येईल. आणि तिला सांगा की मी यादी वाचत असताना तू सारखं ‘विठ्ठल विठ्ठल’ म्हणत राहा. नाव देवाचं असलं तरी घोक्याचं तोंड अडकलं, यादी निसटली!

पाटीवाल्याचा किस्सा खुद्द बॅडलींनीच सांगितलाय. कॅलिफोर्नियात गाडी चालवताना ते रेडिओवर अमेरिकन फुटबॉलचं धावतं वर्णन ऐकत होते. खेळ डोळ्यांपुढं उभा राहायला लागला आणि गाडी रस्त्यावर डुलायला लागली. पाटी एकच; तिच्यावर मैदान काढायचं की रस्ता? त्यांनी मुकाट्यानं गाणी लावली. मोटारसायकलवर फोनवर बोलत जाणाऱ्या आमच्या थोरल्यानं हे ऐकावं. तो म्हणेल, हात मोकळे आहेत की. हाताचा प्रश्नच नाही बाबा.

आता लातुरात शिकणाऱ्या तुमच्या ताईसाठी. ‘स्मरणशक्ती दुप्पट करून देतो’ म्हणणारे भेटले की तिनं अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या त्या विद्यार्थ्याला आठवावं. 1980 साली ही हकीकत छापून आली. सुरुवातीला त्यालाही सातच आकडे राहायचे. दीड-पावणेदोन वर्षं सराव केला आणि तो 79 आकड्यांपर्यंत पोचला! तो होता लांब पल्ल्याचा धावपटू. 3492 ऐकलं की त्याच्या मनात यायचं, 3 मिनिटं 49.2 सेकंद, एक मैल धावण्याची विक्रमाजवळची वेळ. आकड्यांना तो शर्यतीच्या वेळा चिकटवायचा. मग त्याला आकड्यांऐवजी अक्षरं दिली, तर गडी पुन्हा सहावर. वाडा तसूभरही वाढला नव्हता. परीक्षांच्या तयारीच्या लातूर पॅटर्नमध्ये खरा जोर कशात असेल तर तो पुन्हा पुन्हा सोडवलेल्या प्रश्नपत्रिकांत. प्रश्नाची जात ओळखीची झाली की सहा पायऱ्यांची एकच पायरी होते आणि कारभारी मोकळा राहतो.

हा कारभारी सगळ्यात जास्त कुठं दमतो, ते सांगतो. आपलं गाव देगलूरकडचं. पलीकडं तेलंगण. शेजारचं लेकरू घरी तेलुगूत ‘इरवै एडु’ म्हणतं, म्हणजे वीस आणि सात. उदगीर-निलंग्याच्या सीमेवर कन्नड घरात ‘इप्पत्तेळु’, तिथंही वीस आधी. शाळेत मात्र गुरुजी म्हणतात ‘सत्तावीस’: कानावर सात आधी, वहीत दोन आधी. सहा वर्षांच्या पोरानं आलेला सात धरून ठेवायचा, वीस येईपर्यंत थांबायचं, आणि मग उलटं करून मांडायचं. ‘एकोणतीस’मध्ये तर तोंडात तीस आणि हातात 29. ऐकलं सत्तावीस, लिहिलं 72, यात नवल ते काय?

जर्मन भाषेतही आकडा असाच उलटा बोलतात. ऑस्ट्रियातल्या पहिलीच्या मुलांवरचा अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. ऐकून आकडे लिहिताना त्यांच्या जवळजवळ निम्म्या चुका या अदलाबदलीशी जोडलेल्या निघाल्या, आणि त्यांचा संबंध कार्यरत स्मृतीशी लागला, विशेषतः कारभाऱ्याशी.

बालभारतीनं 2019 मध्ये दुसरीच्या गणितात ‘वीस सात’ छापलं तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ! मराठी बुडाली इथपर्यंत गोष्ट गेली. विधिमंडळात मुख्यमंत्री फडणवीसांच्या आडनावातल्या ‘वीस’वरून विनोद झाले. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की दक्षिणेतल्या भाषांत आकडा असाच सरळ बोलतात. ऐकून घ्यायला फार थोडे होते. मीसुद्धा सत्तावीस सोडणार नाही. पावकी, निमकी, औटकीच्या पाढ्यांवर वाढलेली जीभ आहे ही, आणि पाढ्याचा ठेका ‘वीस सात’मध्ये बसत नाही. पण पाढा म्हणणं हे घोक्याचं काम, आकडा मांडणं हे कारभाऱ्याचं. मांडायला शिकताना ‘वीस सात’ म्हणू द्या, पाढ्याला ‘सत्तावीस’. दोन्ही नांदतील. आणि शाळेतल्या बाईंनी, आईनं, बापानं एवढं करावं: वहीत 72 दिसलं तर पोराला मठ्ठ म्हणण्याआधी तोच आकडा सरळ बोलून बघावा.