सांतो डोमिंगोत लेबनीज रेस्टॉरंट चालेल का?

माझा एक मित्र डॉमिनिकन रिपब्लिकच्या राजधानीत, सांतो डोमिंगोत, लेबनीज जेवणाचं रेस्टॉरंट काढतोय. "तिथल्या लोकांना हे रुचेल का रे?" असं त्यानं विचारलं, म्हणून ही पोस्ट.

रुचेल काय, कधीचंच रुचलंय!

19व्या शतकाच्या अखेरीस ऑटोमन साम्राज्यातली लेबनीज, सीरियन कुटुंबं या देशात येऊ लागली. त्यांचा किब्बे आज तिथे 'किपे' म्हणून गाड्यांवर मिळतो. भिजवलेला दलिया आणि खिमा एकत्र मळून, सारण भरून खरपूस तळायचा. सारणात कधीकधी मनुका असतात (मला नाही आवडत!). द्राक्षवेलीच्या पानांऐवजी भात-खिमा कोबीच्या पानात गुंडाळतात, वर टोमॅटोचा रस्सा.

राष्ट्राध्यक्ष लुइस अबिनादेरसुद्धा लेबनीज वंशाचेच.

खरी अडचण ऑलिव्हची. त्या झाडाला मोहोर धरायला थंडी लागते आणि तिथे बारमाही उकाडा. त्यामुळे तेल आयातच करावं लागणार, खर्च वाढणार. वांगी, लिंबं मात्र तिथलीच वापरता येतील.

माझं मत विचाराल तर मेन्यूत पहिला मान किपेला द्यावा, हमस नंतर.

कुणाला किब्बेची कृती हवी असेल तर कमेंटमध्ये सांगा, सविस्तर लिहितो.