मोडक्या घराचे बांधकाम

घर नवे बांधावे, हे समजते. पण ते मुद्दाम मोडकेच बांधावे आणि त्यापायी महिना महिना डोळे फोडून घ्यावेत, याला काय म्हणावे? माझा भाचा कॅलिफोर्नियात असतो. खेळातल्या आगगाडीशेजारी ठेवायला तो एक पडकी लाकडी वखार करीत आहे. प्रमाण १:८७. म्हणजे माणूस जेमतेम २ सेंटिमीटरांचा आणि फूटभर रुंदीची फळी ३.५ मिलिमीटरची!

फळी तारेच्या ब्रशाने घासून तिच्यावर रेषा उठवायच्या, मग स्पिरिटात काळ्या शाईचे थोडे थेंब मिसळून ते तिला पाजायचे. उन्हापावसात राहिलेले लाकूड काळे नव्हे, राखाडी होते. कुजण्यालाही कारण लागते. ओल जमिनीतून चढते, म्हणून खालच्या फळ्या आधी जातात. वळचणीखालच्या रंग धरून राहतात. कारणावाचून पाडलेले भोक मला तरी ओढून आणलेल्या यमकासारखे वाटते.

नमुना म्हणून त्याच्यापुढे बोडी हे गाव आहे. सोन्याच्या खाणींमुळे ते वसले, सोने सरले तसे ओस पडले. १९६२ साली ते राज्याचे ऐतिहासिक उद्यान झाले. तिथली घरे नवी करीत नाहीत, पडूही देत नाहीत. आहेत तशीच धरून ठेवतात.

या छंदात मोठे नाव मॉन्टेरेच्या जॉन ॲलनचे. गाड्यांना आणि घरांना जुनेपण कसे द्यावे, हे अनेकजण त्याच्याकडून शिकले. जानेवारी १९७३ मध्ये तो वारला, आणि थोड्याच दिवसांत त्याने घरात उभारलेली ती सृष्टी बहुतेक आगीत गेली. उरली ती छायाचित्रे. भाचा ती भिंग लावून पाहतो.