बागेतली वाट आणि कामेशम यांची किमया

पावसाळा सरला की शेतघरांच्या आणि होमस्टेच्या आवारात कामं निघतात. सध्या त्यांत एका कामाची चलती आहे, ते म्हणजे जुन्या लाकडाची पायवाट. तिची छायाचित्रं मोहक असतात. ओंडक्याच्या गोल चकत्या हिरवळीत एकेक पाऊल अंतरावर बसवलेल्या, कडेनं नेच्यांची रांग. हे किती वर्षं टिकेल, असा प्रश्न विचारला तर वखारीत उत्तर मिळतं ते लाकडाच्या जातीचं. पण लाकूड जमिनीला कसं टेकलंय आणि आधी ते कुठे होतं, याचाही त्या उत्तरात तितकाच वाटा असतो.

लाकूड पाण्यानं कुजतं, ही समजूत अर्धीच खरी आहे. इंग्लंडमधल्या सॉमरसेट परगण्यात १९७० साली पीट, म्हणजे दलदलीतला अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर, खणताना रे स्वीट या कामगाराला ओल्या थरात एक फळी सापडली. पुढे केंब्रिजचे पुरातत्त्वज्ञ जॉन कोल्स यांच्या उत्खननात दलदल ओलांडून जाणारी, जवळजवळ दोन किलोमीटर लांबीची लाकडी पायवाट उलगडत गेली. चिखलात फुलीसारख्या ठोकलेल्या काठ्या आणि त्यांच्या बेचक्यात एकापुढे एक बसवलेल्या ओकच्या फळ्या, अशी तिची बांधणी. फळ्यांमधल्या वर्षवलयांवरून झाडं कधी तोडली तेही ठरवता आलं: इसवी सनापूर्वी ३८०७-३८०६. हिवाळ्यात किंवा वसंताच्या सुरुवातीला! पावणेसहा हजारांहून अधिक वर्षांपूर्वी कुऱ्हाड कोणत्या ऋतूत चालली, हे लाकूड आजही सांगू शकतं, यासारखा आनंद विज्ञानात क्वचित मिळतो. ही वाट वापरात होती जेमतेम दहाएक वर्षं. मग दलदलीनं ती गिळली, आणि गिळली म्हणूनच ती वाचली. पाण्यानं गच्च भरलेल्या पीटमध्ये प्राणवायू पोचत नाही आणि प्राणवायूवाचून लाकूड खाणारी बुरशी जगत नाही.

या बुरशीला ओल आणि हवा दोन्ही लागतात. लाकडातली ओल त्याच्या कोरड्या वजनाच्या वीस टक्क्यांखाली राहिली तर तिला शिरकाव मिळत नाही. तीस टक्क्यांच्या आसपास गेली की तिचं फावतं. म्हणून कुंपणाचा खांब उपटून पाहिला तर खोल गाडलेलं टोक बरंचसं शाबूत असतं, वरचा भागही ठणठणीत असतो, आणि तो मोडतो तो नेमका जमिनीच्या पातळीला. खाली हवा कमी, वर ओल कमी. मातीलगतच्या वीतभर पट्ट्यात मात्र दोन्ही मुबलक. बागेतली पायवाट संपूर्ण त्याच पट्ट्यात पसरलेली असते.

आता त्या गोल चकत्या. लाकूड म्हणजे उभ्या बांधलेल्या नळ्यांची जुडी. झाड हयात असताना मुळांकडचं पाणी याच नळ्यांतून वर जातं. ओंडका आडवा कापून चकती जमिनीवर ठेवली की सगळ्या नळ्यांची तोंडं वरून पावसाला आणि खालून मातीला उघडी होतात. बाजूच्या पृष्ठभागापेक्षा या कापलेल्या तोंडातून पाणी कितीतरी वेगानं आत शिरतं. शिवाय वाळताना लाकूड वलयांच्या दिशेनं जितकं आकसतं, साधारण त्याच्या निम्मंच ते केंद्राकडून सालीकडे आकसतं. या ताणामुळे चकतीला केंद्रापासून कडेपर्यंत चीर पडते, चिरेत पाणी साचतं, आणि सालीलगतचा पांढरा भाग वाळवीला आयता मिळतो. छायाचित्रात सगळ्यांत देखणा दिसणारा हा प्रकार कोकणच्या पावसात सगळ्यांत अल्पायुषी ठरतो. त्याच ओंडक्याच्या लांब फळ्या चिरून आडव्या टाकल्या तर नळ्यांची तोंडं फक्त दोन टोकांना उरतात.

जुन्या वाड्यांच्या तुळया आणि खांब इथे मोलाचे ठरतात. मोठ्या वयाच्या सागात गाभा भरपूर असतो, आणि टेक्टोक्विनोनसारखी वाळवीला नकोशी असलेली द्रव्यं त्या गाभ्यातच साठलेली असतात. कोवळ्या लागवडीच्या सागात सालीकडचा पांढरा भाग जास्त निघतो, म्हणजे नाव साग असूनही बळ तेवढं नाही. तरी वाडे बांधणाऱ्या सुतारांनी सागावरही आंधळा विश्वास टाकला नव्हता. त्यांचा खांब मातीत न जाता दगडी तळखड्यावर उभा राहायचा.

रेल्वेचे जुने स्लीपर ही वेगळी गोष्ट. रुळांखाली काँक्रीट आल्यावर लाकडी स्लीपर भंगारात निघाले आणि रिसॉर्टवाल्यांचे लाडके झाले. त्यांतल्या कित्येकांना क्रिओसोट हे डांबरातलं तेल पाजलेलं असतं. दाबाखाली ते लाकडात भिनवण्याची पद्धत जॉन बेथेल यांनी १८३८ मध्ये इंग्लंडमध्ये पेटंट केली. क्रिओसोटमध्ये कर्करोगकारक द्रव्यं असतात, आणि उन्हात ते पाझरतं. युरोपीय संघानं असं जुनं लाकूड बागेत किंवा मुलांच्या खेळायच्या जागी वापरायला बंदी घातली आहे. वास येणारा, हाताला चिकटणारा काळा स्लीपर अनवाणी पावलांच्या वाटेवर नको.

लाकूड टिकवण्याची दुसरी मोठी युक्ती निघाली भारतात, आणि ती ज्यांना सुचली त्यांचं नाव आपल्या शाळकरी पुस्तकांत असायला हवं होतं. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेतले सोंटी कामेशम. तांबं बुरशीला मारतं, आर्सेनिक वाळवीला, हे माहीत होतं. अडचण अशी की त्यांचे क्षार पहिल्या पावसातच धुऊन जात. कामेशम यांनी १९३३ मध्ये त्यांच्या जोडीला क्रोमियम घातलं. लाकडाशी प्रक्रिया होऊन क्रोमियमचं रूप पालटतं, आणि तांबं व आर्सेनिक न विरघळणाऱ्या संयुगांत अडकून बसतात. पाण्यात विरघळलेलं औषध आत शिरल्यावर पाण्याला दाद देईनासं होतं, ही यातली खरी करामत. आर्सेनिक आणि तांब्याच्या रासायनिक चिन्हांवरून या मिश्रणाला 'ॲस्क्यू' नाव मिळालं, १९३८ मध्ये अमेरिकेचं पेटंट मिळालं, आणि पुढे जगभरचे विजेचे खांब, कुंपणं, गच्च्या, मुलांचे झोपाळे याच पद्धतीनं टिकवले गेले. एका भारतीय प्रयोगशाळेतल्या शोधानं किती जंगल तोडीपासून वाचवलं असेल, याचा हिशेब मांडायला हवा.

आर्सेनिकच्या भीतीपोटी २००३ च्या अखेरीस अमेरिकी उत्पादकांनी घरगुती वापरासाठी असं लाकूड देणं थांबवलं. खांबांत ते अजूनही चालतं. त्यामुळे जुन्या लाकडावर हिरवट झाक दिसली तर भाजीच्या वाफ्यालगत ते घालू नये. वाटेसाठी निर्यातीच्या खोक्यांच्या फळ्या घेतल्या आणि त्यांवर 'एचटी' शिक्का असला तर लाकडाचा गाभा ५६ अंश सेल्सिअसला अर्धा तास तापवलेला असतो. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी. दोन्ही उपाय आतल्या किडीपुरते. कुजण्यापासून संरक्षण त्यांत नाही.

जुनी तुळई मिळालीच तर खिळे उपटून ती लांबीत चिरावी, वीतभर खोल चर खणून खडी भरावी आणि फळ्या त्या खडीवर टेकवाव्यात. दोन फळ्यांमध्ये बोटभर फट हवी. टोकांना काजूच्या टरफलांचं तेल पाजावं. होड्यांना ते लावायची रीत जुनीच आहे, फक्त कातडी भाजू नये म्हणून हातमोजे घालावेत. वरच्या अंगावर चालण्याच्या दिशेला आडव्या खाचा पाडल्या तर श्रावणातल्या शेवाळावर पाय कमी घसरतो. आणि हिरवट झाक असलेल्या लाकडाचे उरलेले तुकडे बंबात कधीच घालू नयेत. आर्सेनिक जळून नाहीसं होत नाही. काही धुरातून श्वासात जातं, बाकीचं राखेत उरतं, आणि तीच राख पुढे माडाच्या आळ्यात पडते.