वीज गेली, तर आधी काय वाचवायचे?

फेब्रुवारी २०२२ मध्ये चंडीगडच्या वीज कर्मचाऱ्यांनी खासगीकरणाविरुद्ध तीन दिवसांचा संप पुकारला. शहराचा मोठा भाग अंधारात गेला. शेवटी लष्कराच्या मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेसची पथके मदतीला आली.

सरकारी रुग्णालयांत जनरेटर होते, पण सगळा भार त्यांच्यावर टाकता येत नव्हता. म्हणून तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या गेल्या. संकटात काय चालू ठेवायचे आणि काय थांबवायचे, हे आधीच ठरवणे म्हणजेच नियोजन.

संगणकाचेही तसेच आहे. प्रत्येक यंत्रणेबाबत दोन प्रश्न विचारावेत. ती किती वेळ बंद राहिली तर चालेल? आणि किती वेळाची माहिती गेली तर चालेल? दुसऱ्याचे उत्तर ‘एक तास’ असेल, तर रात्री एकदाच घेतलेला बॅकअप पुरणार नाही. साधा नियम असा: माहितीच्या ३ प्रती, २ वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यांतली १ प्रत दुसऱ्या ठिकाणी.

सेक्टर ४३ मधल्या आमच्या घरी वीज अचानक गेली आणि संगणकाची डिस्क बिघडली. माझ्या प्रकल्पाची प्रत पेन ड्राइव्हवर होती, म्हणून मी निश्चिंत होतो. पण ती फाइल उघडेना! प्रत काढल्यावर मी ती एकदाही तपासली नव्हती.

कवायतीसारखाच बॅकअपचाही सराव हवा. मित्रांनो, या रविवारी आपली एक जुनी प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. उघडली, तरच ती प्रत खरी.