टॅरंटुला नर की मादी? कात सांगते

काचेच्या पेटीत टॅरंटुला उताणा पडलेला दिसला की नवख्या मालकाच्या पोटात गोळा येतो. कोळी मेला, असंच त्याला वाटतं. खरं तर मरणारा टॅरंटुला सहसा उताणा होत नाही; पाय पोटाखाली आवळून घेत तो बसल्या जागी संपतो. उताणा झाला म्हणजे बहुतेक वेळा तो कात टाकायला लागला आहे. अशा वेळी त्याला हात लावायचा नाही, पेटीही हलवायची नाही. पाठीवरची ढाल डब्याच्या झाकणासारखी उघडते आणि त्या वाटेनं कोळी आपले आठही पाय हळूहळू उपसून घेतो. बाहेर आलेल्या कोळ्याचे सुळे पांढरे आणि मऊ असतात. ते टणक आणि काळे होईपर्यंत, म्हणजे कित्येक दिवस, तो भक्ष्याला तोंड लावत नाही.

शेजारी पडलेली कात मात्र लगेच कामाची असते. हा नर की मादी, हे कोळ्याला न दुखवता ठरवायचा तोच सर्वांत भरवशाचा मार्ग.

नर-मादीची एवढी चौकशी कशासाठी? मेक्सिकोच्या प्रशांत किनाऱ्याकडचा लाल गुडघ्यांचा टॅरंटुला घ्या. पाळीव कोळ्यांमधला हा सर्वांत ओळखीचा चेहरा. त्याची मादी वीस वर्षांहून अधिक जगू शकते आणि प्रौढ झाल्यावरही कात टाकत राहते. नराचं तसं नाही. वयात येण्याची कात ही सहसा त्याची शेवटचीच, आणि त्यानंतर त्याच्या हाती काही महिने, फार तर एक-दोन वर्षं उरतात. त्या शेवटच्या कातीनंतर नर ओळखायला भिंग लागत नाही. तोंडाजवळच्या आखूड पायांची टोकं बोंडासारखी फुगलेली असतात आणि अनेक जातींत पुढच्या पायांवर आकडेही येतात. पण तोवर आयुष्य उतरणीला लागलेलं असतं. लहानपणी मात्र दोघं वरून अगदी सारखे दिसतात, आणि विकत घेणाऱ्याला जाणून घ्यायचं असतं ते तेव्हाच.

कात म्हणजे फक्त वरचं साल, अशी आपली समजूत असते. कोळ्याच्या बाबतीत ती अपुरी आहे. त्याच्या बाहेरच्या कवचाचाच पदर शरीरात काही ठिकाणी आत वळलेला असतो: घशाच्या नळीत, अन्नरस शोषून घेणाऱ्या जठरात, पानापानांच्या पुस्तकी फुप्फुसांत आणि मादीच्या शुक्रपिशवीतही. कात पडते तेव्हा हे सगळं आतलं अस्तरही तिच्यासोबत निघून येतं. मीलनानंतर मादी नराचे शुक्राणू या पिशवीत कित्येक महिने सांभाळते आणि अंडी घालताना वापरते. मधेच कात पडली तर पिशवीच्या अस्तराबरोबर तो साठाही जातो आणि मीलन नव्यानं व्हावं लागतं. म्हणूनच पैदास करणारे लोक मादीनं नुकतीच कात टाकलेली असली की खूश असतात. पुढची कात दूर असते, आणि साठा वाया जाण्याची भीतीही तेवढीच लांब.

तपासणीचं तंत्र साधं आहे, पण घाई चालत नाही. पाय आणि पाठीची ढाल आपला आकार टिकवून असतात. पोटाची कात मात्र चुरगळून, पिळवटून, वाळून जाते. हवा असतो तो नेमका हाच भाग. कोमट पाण्यात भांडी धुण्याच्या साबणाचा एखादा थेंब टाकून त्यात तो भिजवतात आणि मऊ पडला की बोथट चिमट्यानं किंवा ओल्या ब्रशनं आतली बाजू वर ठेवून पसरतात. चार पांढुरके चौकोनी ठिपके दिसू लागतात. ती फुप्फुसांची अस्तरं. त्यांतल्या पुढच्या दोन ठिपक्यांच्या मधोमध, आडव्या खाचेपाशी, नजर रोखायची. मादी असेल तर तिथे खाचेतून उभा राहिलेला एक पदर दिसतो; हेच शुक्रपिशवीचं अस्तर. ब्रशच्या टोकानं तो हलवता येतो. लाल गुडघेवाल्यांत तो एकसंध आणि रुंद असतो, तर चिलीच्या गुलाबी टॅरंटुलात दोन सुट्ट्या पिशव्या असतात.

घोळ होतो तो पदर दिसत नाही तेव्हा. पदर सापडला तर मादी हे पक्कं. सापडला नाही तर नर असेलच असं नाही. कात नेमकी तिथेच फाटलेली असते, कोळ्यानं चावून चोथा केलेला असतो किंवा पिल्लू इतकं लहान असतं की साध्या भिंगाचं काम नाही, सूक्ष्मदर्शकच लागतो. शिवाय काही नरांतही त्या जागी ग्रंथींचे छोटे उंचवटे असतात आणि उतावळ्या डोळ्यांना ते शुक्रपिशवीच वाटतात. एका कातीवर निकाल न देता पुढच्या कातीची वाट पाहणारे शहाणे.

अमेरिका खंडातल्या अनेक टॅरंटुलांच्या पोटावर खाज आणणारे सूक्ष्म काटेरी केस असतात आणि ते कातीवरही राहतात. त्यामुळे हातमोजे घालावेत आणि काम संपेपर्यंत डोळे चोळू नयेत.

शुक्रपिशवीचा हाच पदर शास्त्रज्ञांच्याही उपयोगी पडतो. लाल गुडघ्यांचा म्हणून जगभर विकला जाणारा कोळी वर्षानुवर्षं ब्रॅकिपेल्मा स्मिथी या नावानं ओळखला जात होता. 2017 मध्ये होर्खे मेंडोझा आणि ऑस्कर फ्रांके यांनी डीएनए आणि जननेंद्रियांची ठेवण तपासून ही भानगड सोडवली. पाळीव बाजारातले बरेचसे कोळी ब्रॅकिपेल्मा हॅमोरी या वेगळ्याच जातीचे निघाले.

भारत आणि श्रीलंकेतले पीसिलोथेरिया प्रजातीतले झाडावरचे टॅरंटुला या गणितात थोडे वेगळे बसतात. त्यांच्या प्रौढ नरांच्या पायांवर आकडे नसतात. बोंडांवरूनच ओळखावं लागतं. आंध्रातल्या गुत्तीच्या नावानं ओळखला जाणारा निळा टॅरंटुला यांतलाच. 1899 मध्ये पोकॉक यांनी त्याचं वर्णन केलं. त्याचं रूपच त्याच्या मुळावर आलं आहे. अति संकटग्रस्त प्राण्यांत त्याची नोंद आहे, आणि 2019 पासून या संपूर्ण प्रजातीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स कराराचं नियंत्रण आहे.

कात मात्र प्रत्येक जातीत उत्तर देतेच असं नाही. टांझानियातला एन्सायोक्राटेला ऑलिव्हेसिया आणि ब्राझीलमधला सिकियस या टॅरंटुलांच्या माद्यांना शुक्रपिशवीच नसते. तिथे कात कितीही नीट उलगडली तरी तो पदर सापडायचा नाही.