विश्लेषण : जीपीएस नाही, मोबाइल नाही, मध्ये थांबाही नाही… ‘गोल्डन ग्लोब रेस’चे नियम इतके कडक का?

फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावरील ले साब्ल-दोलोन या बंदरातून ६ सप्टेंबर २०२६ रोजी शिडाच्या छोट्या नौका पृथ्वीप्रदक्षिणेसाठी निघणार आहेत. प्रत्येक नौकेवर एकच माणूस. वाटेत कुठेही बंदराला लागायचे नाही, कुणाची मदत घ्यायची नाही आणि दिशा शोधायला जीपीएस वापरायचे नाही. ज्या काळात घरापासून स्टेशनपर्यंतचा रस्ताही मोबाइल दाखवतो, त्या काळात सुमारे ३० हजार सागरी मैलांचा प्रवास कागदी नकाशावर करायचा. हे नियम कुणी आणि का ठरवले, जीव धोक्यात आला तर काय होते आणि या स्पर्धेचे मुंबई-गोव्याशी नाते काय, याचा आढावा…

‘गोल्डन ग्लोब रेस’ काय आहे?

ही एकट्याने, न थांबता, शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची स्पर्धा आहे. ले साब्ल-दोलोनहून निघायचे, अटलांटिकमधून दक्षिणेला उतरायचे, आफ्रिकेचे केप ऑफ गुड होप, ऑस्ट्रेलियाचे केप लीविन आणि दक्षिण अमेरिकेचे केप हॉर्न ही तीन टोके ओलांडायची आणि पुन्हा त्याच बंदरात परतायचे. या प्रवासाला सात ते नऊ महिने लागतात.

याच बंदरातून ‘व्हेन्दे ग्लोब’ ही आधुनिक नौकांची एकल प्रदक्षिणाही सुटते. ती जानेवारी २०२५ मध्ये शार्ली दालँ यांनी सुमारे ६५ दिवसांत जिंकली. २०१८ मधील गोल्डन ग्लोबच्या विजेत्याला २१२ दिवस लागले होते. नौकांचा वेग सरासरी ताशी दहा किलोमीटरच्या आसपास, म्हणजे रमतगमत चालवलेल्या सायकलइतका. वेग हा या स्पर्धेचा मुद्दाच नाही.

सुरुवात कशी झाली? मुंबईचा संबंध काय?

१९६८ मध्ये ब्रिटनच्या ‘संडे टाइम्स’ने ही स्पर्धा पहिल्यांदा जाहीर केली. तोपर्यंत एकट्याने आणि न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा कुणीही केली नव्हती. नऊ जण निघाले आणि एकच परतला. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हे ब्रिटिश खलाशी ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ रोजी इंग्लंडच्या फालमथ बंदरात पोहोचले.

त्यांची ‘सुहेली’ ही ३२ फुटांची नौका मुंबईत बांधलेली होती. नॉक्स-जॉन्स्टन तेव्हा व्यापारी जहाजावर अधिकारी होते. मुंबईच्या कारागिरांनी सागवानी लाकडात, हातच्या अवजारांनी ती घडवली. १९६४ च्या अखेरीस ती पाण्यात उतरली. अरब खलाशी आखातातील आग्नेयेच्या वाऱ्याला ज्या नावाने ओळखतात, तेच नाव तिला मिळाले. प्रदक्षिणेत तिचा रेडिओ बंद पडला, सुकाणू आपोआप सांभाळणारी यंत्रणा मोडली, तरी ती परतली.

पन्नास वर्षांनी ऑस्ट्रेलियाचे डॉन मॅकिन्टायर यांनी ही स्पर्धा पुन्हा सुरू केली. ‘सुहेली’ला जे उपलब्ध होते, साधारण तेवढ्यावरच नव्या स्पर्धकांनी जायचे, हा नियमावलीचा पाया ठरला. २०१८ आणि २०२२ नंतरची ही पुढची फेरी आहे.

नौका कशी असावी लागते?

नौकेचा आराखडा १९८८ पूर्वीचा हवा. लांबी ३२ ते ३६ फूट. तळाला लांब, सलग कील हवे आणि सुकाणू त्या कीललाच जोडलेले हवे. आजच्या शर्यतींच्या नौकांना पात्यासारखे अरुंद कील असते. त्यामुळे त्या वेगाने जातात, वळतातही चटकन. लांब कीलची नौका जड आणि संथ असते. पण ती दिशा धरून राहते आणि तरंगत्या वस्तूवर आदळली तर सुकाणू वाचण्याची शक्यता जास्त असते. कार्बन फायबरसारख्या आधुनिक साहित्याला बंदी आहे.

याचा खर्चावरही परिणाम होतो. अशा नौका जुन्या बाजारात मिळतात. त्यामुळे मोठ्या कंपन्यांच्या संघांशिवायही एखादा अनुभवी खलाशी स्पर्धेत उतरू शकतो. मात्र हौशी माणसाला दार उघडे नाही. किमान ८ हजार सागरी मैलांचा समुद्री प्रवास आणि त्याशिवाय २ हजार मैल एकट्याने, एवढा अनुभव दाखवावा लागतो.

काय चालते आणि काय चालत नाही?

• चालते : सेक्स्टंट, कागदी नकाशे, किल्लीचे घड्याळ, होकायंत्र, रेडिओ, कॅसेटवरची गाणी.

• चालत नाही : जीपीएस, मोबाइल, संगणक, डिजिटल घड्याळ, विजेवर चालणारे ऑटोपायलट, खाऱ्या पाण्याचे गोडे पाणी करणारे यंत्र.

ऑटोपायलट नसल्यामुळे सुकाणू सांभाळण्याचे काम नौकेच्या मागे बसवलेले ‘विंडव्हेन’ करते. वाऱ्याची दिशा बदलली की त्याचे पाते हलते आणि सुकाणूही वळते. त्याला वीज लागत नाही. पण ते तुटले तर एकट्या माणसाला झोप मिळणे अवघड होते. गोड्या पाण्याचा साठाही मोजकाच असतो, त्यामुळे पावसाचे पाणी साठवावे लागते.

जीपीएसशिवाय आपण कुठे आहोत, हे कसे कळते?

सूर्य आणि घड्याळ यांवरून. सेक्स्टंटने सूर्याची क्षितिजापासूनची उंची अंशांत मोजता येते. दुपारी सूर्य सर्वात उंच असतानाच्या मापावरून अक्षांश निघतो. रेखांशासाठी मात्र अचूक वेळ लागते.

हिशेब सोपा आहे. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणजे एका अंशाला चार मिनिटे. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे. मुंबई साधारण ७३ अंशांवर, म्हणजे साडेनऊ अंश पश्चिमेला. म्हणून मुंबईत सूर्य सरासरी १२ वाजून ३८-३९ मिनिटांनी माथ्याशी येतो. ऋतूनुसार त्यात काही मिनिटांचा फरक पडतो. हेच गणित उलटे मांडा. ग्रीनिचच्या वेळेचे घड्याळ जवळ असेल आणि सूर्य माथ्याशी कधी आला हे कळले, तर रेखांश काढता येतो.

यात चुकीला जागा किती? घड्याळ चार सेकंदांनी चुकले, तर विषुववृत्ताजवळ एक सागरी मैल, म्हणजे सुमारे १.८५ किलोमीटरची चूक होते. एक मिनिट चुकले तर जवळपास २८ किलोमीटर. म्हणून रेडिओवरील वेळेच्या संकेतांशी घड्याळ सतत ताडून पाहावे लागते. दक्षिणेकडील समुद्रात अनेक दिवस ढग असतात आणि सूर्यच दिसत नाही. तेव्हा वेग, वेळ आणि दिशा यांवरून अंदाज बांधायचा. तोही हेलकावणाऱ्या नौकेत, अपुऱ्या झोपेत.

मग सुरक्षेचे काय?

या नियमावलीत जुनाट वाटणारा भाग केवळ स्पर्धकापुरता आहे. आयोजकांकडे आधुनिक यंत्रणा असते. प्रत्येक नौकेवर उपग्रहाशी जोडलेला ट्रॅकर बसवला जातो. नौका कुठे आहे हे स्पर्धेच्या मुख्यालयाला दिसते, संकेतस्थळावर कुणालाही दिसते. फक्त नौकेवरच्या माणसाला दिसत नाही. मुख्यालयाशी छोटे लेखी संदेश देण्या-घेण्याचे यंत्र असते. उपग्रह फोनही असतो, पण तो मुख्यालय आणि डॉक्टरांशी बोलण्यापुरताच. संकटसूचक यंत्रे, तराफा ही नेहमीची साधने बंधनकारक आहेत.

याशिवाय एका सीलबंद पेटीत जीपीएस दिलेले असते. जीव धोक्यात आला तर ते सील तोडायचे. पण तोडले, की मुख्य क्रमवारीतून बाहेर. एकदा बंदराला लागलात किंवा मदत घेतलीत, तरीही हाच नियम. असा स्पर्धक ‘चिचेस्टर’ गटात जातो. १९६६-६७ मध्ये सिडनीत एकच थांबा घेऊन प्रदक्षिणा करणारे फ्रान्सिस चिचेस्टर यांचे नाव या गटाला आहे. दुसरा थांबा घेतला तर स्पर्धाच संपते.

नियम मोडला तर शिक्षा विजेत्यालाही होते. २०१८ मध्ये फ्रान्सचे जाँ-लुक व्हॅन डेन हीड यांची नौका वादळात कलंडली आणि डोलकाठीचे नुकसान झाले. त्यांनी उपग्रह फोनवरून पत्नीशी संपर्क साधला. त्याबद्दल त्यांना १८ तासांचा दंड झाला. तरीही ७३ व्या वर्षी त्यांनीच स्पर्धा जिंकली.

अभिलाष टॉमी यांच्या अपघातात यंत्रणा कशी चालली?

२०१८ च्या स्पर्धेत भारतीय नौदलाचे अभिलाष टॉमी ‘थुरिया’ या नौकेतून उतरले होते. ‘सुहेली’ची ही लाकडी प्रतिकृती गोव्यातील ॲक्वेरियस शिपयार्डने बांधली होती. याच शिपयार्डने बांधलेल्या ‘म्हादेई’तून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये भारतीयाची पहिली एकल पृथ्वीप्रदक्षिणा केली आणि टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये न थांबता ती पूर्ण केली.

२१ सप्टेंबर २०१८ रोजी दक्षिण हिंदी महासागरातील वादळात ‘थुरिया’ उलटली, डोलकाठी मोडली आणि टॉमी यांच्या पाठीच्या कण्याला गंभीर इजा झाली. सर्वात जवळचे मोठे शहर ऑस्ट्रेलियातील पर्थ. तेही सुमारे १९०० सागरी मैलांवर. त्यांना उठताही येत नव्हते. छोट्या संदेशयंत्रावरून त्यांनी मुख्यालयाला हे कळवले. नौकेचे ठिकाण आधीच माहीत असल्यामुळे शोधाला लगेच दिशा मिळाली. भारतीय नौदलाच्या पी-८आय विमानाने नौका पाहिली. त्याच वादळात डोलकाठी गमावलेले आयर्लंडचे ग्रेगर मॅकगकिन तात्पुरते शीड उभारून त्यांच्या दिशेने निघाले होते. अखेर २४ सप्टेंबरला ‘ओसिरिस’ या फ्रेंच गस्ती जहाजाने टॉमी यांना बाहेर काढले. नंतर ‘आयएनएस सातपुडा’ने त्यांना भारतात आणले.

२०२२ मध्ये नियमांची कसोटी कशी लागली?

दक्षिण आफ्रिकेच्या कर्स्टन नॉयशेफर स्पर्धेत असताना फिनलंडच्या टापियो लेहतिनेन यांची नौका बुडाली. लेहतिनेन जवळपास २४ तास तराफ्यावर होते. नॉयशेफर वाट सोडून तिकडे गेल्या आणि त्यांना वाचवून एका मालवाहू जहाजाकडे सोपवले. यात गेलेला वेळ आयोजकांनी त्यांना ३५ तासांच्या सवलतीच्या रूपात परत दिला. दुसऱ्याला वाचवणारा मागे पडू नये, अशी ही तरतूद आहे.

शेवटही नियमांनीच ठरवला. २७ एप्रिल २०२३ रोजी अंतिम रेषा सर्वात आधी ओलांडली ती ब्रिटनच्या सायमन कर्वेन यांनी. पण विंडव्हेन दुरुस्त करण्यासाठी ते चिलीत थांबले होते, म्हणून त्यांची नोंद चिचेस्टर गटात झाली. त्याच दिवशी काही तासांनी पोहोचलेल्या नॉयशेफर विजेत्या ठरल्या. आपण जिंकलो, हे त्यांना अंतिम रेषेजवळ पोहोचल्यावरच कळले.

दोन दिवसांनी दुसऱ्या क्रमांकावर आले अभिलाष टॉमी. अपघातानंतर पाठीच्या कण्यात टायटॅनियमच्या सळ्या बसवलेल्या, चालायला पुन्हा शिकलेले. या वेळी ‘बायानात’ नौकेचे विंडव्हेन मोडत गेले, तेव्हा त्यांनी शौचालयाचे दार कापून त्याचे भाग बनवले. १६ पैकी तिघांनीच मुख्य गटातील प्रदक्षिणा पूर्ण केली.

या नियमांतून नेमके काय साधते?

यावर आक्षेप आहेतच. तंत्रज्ञान उपलब्ध असताना ते नाकारून माणसाला वादळात पाठवणे कशासाठी, आणि त्याच्या सुटकेसाठी इतर देशांची जहाजे-विमाने का राबवावीत, असे विचारले जाते. जीपीएस असते तरी टॉमी यांची नौका त्या लाटेने उलटलीच असती, हे खरे. पण ताजे हवामान नकाशे हाताशी असलेली वेगवान नौका अनेकदा वादळाला वळसा घालू शकते; संथ नौकेला ते जमत नाही, हेही तितकेच खरे.

नियमावलीने यावर काढलेला तोडगा असा, की स्पर्धकाचे ज्ञान कमी करायचे, पण त्याच्याबद्दलचे ज्ञान कमी होऊ द्यायचे नाही. आपण कुठे आहोत हे त्याने स्वतः शोधायचे. तो कुठे आहे हे जगाला क्षणोक्षणी कळत राहणार. मदत उपलब्ध आहे, पण तिची किंमत आधीच ठरलेली आहे. सील तोडायचे की नाही, हा निर्णय त्यामुळे यंत्राचा किंवा आयोजकांचा राहत नाही. तो थकलेल्या, एकट्या माणसाला घ्यावा लागतो.

आता लक्ष कशाकडे?

वेळापत्रक हा नियोजनातील सर्वात महत्त्वाचा बदल. २०१८ ची स्पर्धा १ जुलैला सुटली होती. नौका दक्षिणेकडील समुद्रात पोहोचल्या तेव्हा तिथला हिवाळा पुरता सरला नव्हता. २०२२ पासून सुरुवात सप्टेंबरमध्ये नेण्यात आली, म्हणजे सर्वात खडतर टप्पा दक्षिण गोलार्धातल्या उन्हाळ्याच्या जवळ येतो. काही अक्षांशांच्या खाली जाण्यास बंदी घालून बर्फ आणि वादळांचा पट्टाही टाळला जातो.

त्यामुळे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वाधिक महत्त्वाचा. हिंदी महासागर, मग प्रशांत आणि शेवटी केप हॉर्न. स्पर्धक एप्रिल-मे २०२७ पर्यंत परतू लागतील, असा मागील अनुभव सांगतो. तोवर प्रत्येक नौकेचा ठिपका ट्रॅकरच्या नकाशावर मोबाइलवरूनही पाहता येईल. नौकेवरचा माणूस मात्र त्या वेळी ढग हटण्याची वाट पाहत सेक्स्टंट घेऊन उभा असेल.